जैववैद्यकीय विज्ञानाचे उच्च शिक्षण : संधी आणि जबाबदारी

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



जैववैद्यकीय विज्ञानाच्या एम.एस्सी. शिक्षणाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. आम्ही येथील रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत काम करणारी काही मंडळी. रुग्ण आम्हांला पाहत नाही आणि आम्ही रुग्णाला पाहत नाही. त्याचे रक्त, लघवी, थुंकी किंवा शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा तेवढा आमच्यापुढे येतो. ज्या वस्तूंना हात लावणाऱ्या माणसाला आमच्या देशाने शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्याच वस्तू येथे विज्ञानाचा विषय होतात आणि त्या हाताळणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात. हा फरक आपल्या मुलांना समजावून सांगण्याजोगा आहे.

एम.एस्सी. ही पदवी आपल्याला परकी नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली याच लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. त्यांचा विषय अर्थशास्त्राचा होता. परंतु आधी पुरावा, मग निष्कर्ष, ही त्यांची शिस्त प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाही तितकीच लागू पडते. पुढे त्यांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले. तेथे आपल्या समाजातील कितीतरी मुलामुलींनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आज त्यांची नातवंडे या देशात एम.एस्सी.साठी येऊ पाहत आहेत.

हे शिक्षण म्हणजे नेमके काय, ते प्रथम पाहू. ब्रिटनमधील एम.एस्सी. साधारणतः एक वर्षाची असते. तिची एकूण १८० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे सुमारे १० तासांचा अभ्यास धरला जातो. म्हणजे १,८०० तास झाले. त्यांपैकी बहुधा ६० क्रेडिट प्रबंधाची असतात. रक्तशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, प्रतिकारशक्तीशास्त्र, पेशीविकृतिशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्र हे मुख्य विषय. त्यांच्या जोडीला संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि नीतिशास्त्र. आपल्याकडून येणारा विद्यार्थी पाठांतरात पक्का असतो. पण येथे त्याला एखादा शोधनिबंध देऊन, यातील निष्कर्ष पुराव्यातून खरोखर निघतो का, असे विचारले जाते. नामांकित प्राध्यापकाच्या निबंधात दोष दाखवायचा, हे त्याला आरंभी उद्धटपणाचे वाटते. वास्तविक, कोणी सांगितले म्हणून किंवा ग्रंथात लिहिले म्हणून खरे मानू नका, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण घेऊन वाढलेल्या मुलाला हे अवघड वाटू नये.

संमतीचा विषयही येथे गांभीर्याने शिकवला जातो. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००४ सालचा ह्यूमन टिश्यू ॲक्ट लागू आहे. माणसाच्या शरीराचा अंश संशोधनासाठी ठेवायचा असेल, तर संमती हा त्या कायद्याचा पाया आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या देहावर आणि श्रमावर त्यांना न विचारता इतरांनी हक्क सांगितला, त्या आपल्याला या तत्त्वाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः उभे आहोत, ती सांगतो. मुलाला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, आता तो पास होताच तेथील सरकारी रुग्णालयात लागेल, असे समजून गावाकडे शेत गहाण पडते, आईचे दागिने मोडले जातात. ही समजूत पुरती खरी नाही. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे कायद्याने संरक्षित पदनाम आहे. आरोग्य व्यवसाय परिषदेच्या, म्हणजे एचसीपीसीच्या, नोंदवहीत नाव असल्याखेरीज ते कोणालाही लावता येत नाही. नोंदणीचा सर्वसाधारण मार्ग इन्स्टिट्यूट ऑफ बायोमेडिकल सायन्सने मान्य केलेल्या बी.एस्सी. ऑनर्स पदवीवरून जातो आणि तिच्या जोडीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रशिक्षण घेऊन पुराव्यांची वही पूर्ण करावी लागते. एक वर्षाच्या बहुतेक एम.एस्सी. अभ्यासक्रमांनी ही पात्रता आपोआप मिळत नाही. भारतातील पदवी असेल, तर तिचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि उणे विषय भरून काढावे लागतात. भारतात प्रशिक्षित होऊन प्रत्यक्ष काम केलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय अर्जाचा मार्ग वेगळा आहे.

याचा अर्थ एम.एस्सी. निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. संशोधनसहायक, औषधकंपनी, रोगनिदानाच्या साधनांचा उद्योग, औषधांच्या चाचण्यांचे काम, पीएच.डी. असे अनेक दरवाजे तिने उघडतात. मात्र कोणता दरवाजा उघडेल आणि कोणता नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी कळले पाहिजे, नंतर नव्हे. दलाल ते सांगत नाही. प्रवेशामागे ज्याला दलाली मिळते, त्याच्याकडून ही अपेक्षाही करू नये. जानेवारी २०२४ पासून एम.एस्सी.सारख्या शिकवणीच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला पत्नी, पती वा मुले अवलंबित म्हणून सहसा आणता येत नाहीत, हेही विवाहित उमेदवारांनी ध्यानात घ्यावे.

कर्ज काढण्याआधी शिष्यवृत्तीचा विचार व्हावा. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आज महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहेत. केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. दोन्हींना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे. म्हणून आधी विद्यापीठ ठरवून मग शिष्यवृत्ती शोधू नये; शिष्यवृत्तीच्या यादीत बसणारे विद्यापीठ पाहून मग अभ्यासक्रम निवडावा. हा क्रम चुकल्यामुळे गुणवान मुले वंचित राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

हे सारे एका मुलाच्या नोकरीपुरते झाले. आपल्या समाजाला या विद्येची गरज का आहे, ते सिकलसेलच्या एका उदाहरणाने सांगतो. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. विदर्भातील आदिवासी जमातींत, तसेच आपल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजात, त्याचे वाहक मोठ्या प्रमाणात आढळतात. निरोगी आणि सिकलसेल हिमोग्लोबिन नेमके कोठे वेगळे आहे, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधले आणि त्यांचा निबंध ‘नेचर’ साप्ताहिकात १३ ऑक्टोबर १९५६ रोजी प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच दिवशी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. हा निव्वळ योगायोग. परंतु त्या मैदानावर बसलेल्या कितीतरी माता-पित्यांच्या रक्तात तोच दोष होता आणि त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

हा दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकला, कारण वाहकाला मलेरियापासून काही संरक्षण मिळते. पण तो ठरावीक समाजांत साचून राहिला, यात जातीचाही वाटा आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सांगितले होते की, जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात आहे. २०१३ साली हैदराबाद व हार्वर्डच्या संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास करून दाखवले की, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातील समूह सर्रास एकमेकांत मिसळत होते, नंतर ते मिसळणे थांबले. जात रक्तात नसते. पण जातीने घातलेल्या कुंपणाची खूण मात्र रक्तात सापडते.

म्हणून एक भेद ओळखण्यास आपण शिकले पाहिजे. या देशातही घर भाड्याने देताना आपलेच देशबांधव आडनाव विचारतात, गाव विचारतात. त्या प्रश्नामागचा हेतू आपण जाणतो. परंतु गर्भवती स्त्रीला येथील दाई जेव्हा कुटुंबाचे मूळ कोठले असे विचारते, तेव्हा ती सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी विचारते. तेथे संकोचू नका. नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गडचिरोली जे असेल ते मोकळेपणे सांगा. आई आणि वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारांत एक असते. वाहक असणे हा आजार नव्हे, कलंक तर नव्हेच. लग्न ठरवताना पत्रिका न पाहण्याचे आपण ठरवले. आता रक्ताचा अहवाल पाहण्याचे ठरवू या. तोही लग्न मोडण्यासाठी नव्हे, सावध राहण्यासाठी.

ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचाराला जगात सर्वप्रथम मान्यता दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. एकीकडे अत्यंत महागडा उपचार आणि दुसरीकडे गडचिरोलीच्या खेड्यात साध्या तपासणीची वाट पाहणारे मूल, यांच्यातील अंतर कोणी कापायचे? जो या आजाराचे रसायन जाणतो आणि ज्याला त्या खेड्याची वाटही ठाऊक आहे, त्यानेच.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी ज्यांच्या ओळखीत असा विद्यार्थी असेल, त्याने पैसे भरण्यापूर्वी आमच्यापैकी कोणाशीही बोलावे. अभ्यासक्रमाची मान्यता, नोंदणीचा मार्ग आणि शिष्यवृत्तीची अट या तीन गोष्टी आम्ही त्याच्यासोबत बसून तपासू. तो येथे आल्यावर पहिले काही आठवडे कोणीतरी त्याला आपल्या घरी जेवायला बोलवावे, एवढे आपण करावे. आणि त्या विद्यार्थ्याने, पदवी हाती आल्यावर, आपल्या मागून येणाऱ्या एकाला तरी ही वाट दाखवावी. शिक्षणाचे ऋण याच रीतीने फिटते.