‘हळू चालव’ म्हणणं पुरेसं नाही



दारूवर मी बोलणार म्हटल्यावर कुणाला वाटेल, आता हे मुसलमान गृहस्थ दारू हराम कशी ते सांगणार. तसं काही नाही. मी स्वतः घेत नाही हे खरं. पण माझं निम्मं आयुष्य कविसंमेलनांत आणि मुशायऱ्यांत गेलं आहे आणि कार्यक्रमानंतरच्या बैठकी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. प्यावी की पिऊ नये, हा वाद आज बाजूला ठेवू. प्यायल्यावर गाडीच्या किल्लीचं काय करायचं, एवढंच बोलायचं आहे.

आमच्या गझलेत साकी आहे, जाम आहे, मयखानाही आहे. पण गझलेतला तो बेहोश आशिक घरी पायीच जातो. पडला तर स्वतः पडतो. 1919 साली गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. त्यातल्या सुधाकरच्या व्यसनानं त्याचंच घर धुळीला मिळतं. आजचा सुधाकर मोटारीत किंवा मोटारसायकलवर बसतो आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा माणसाचं घर बसवतो. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गेली. सात जण गेले. चालकाच्या रक्तात दारू सापडली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आणि 2012 च्या जानेवारीत तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. शिक्षा हवीच, पण ती अपघातानंतर येते. माणूस वाचवायचा तर आधीच काहीतरी करायला हवं.

दारू शरीरात गेल्यावर काय होतं? पाय लटपटायला लागण्याच्या कितीतरी आधी माणसाचा अंदाज आणि सावधपणा कमी होतो. म्हणजे ‘मला चढलेली नाही’ हे जे डोकं ठरवतं, तेच आधी बिघडलेलं असतं. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला, की आठ मीटर गेले. रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव तेवढ्यात जातो. लिंबूपाणी, काळी कॉफी, तोंडावर गार पाण्याचा हबका, यांनी तरतरी आल्यासारखी वाटते. रक्तातली दारू कमी होत नाही. ती यकृत आपल्या संथ चालीनं, तासातासानं उतरवतं. त्याला घाई करता येत नाही. म्हणून प्यालेल्या माणसाला ‘नीट चालवशील ना?’ असं विचारण्यात अर्थ नाही. तो ‘हो’च म्हणणार.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. त्यांचा धाकटा मुलगा कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता. काही वर्षांपूर्वी रात्री सायकलवरून घरी येताना त्याला मागून एका जीपनं उडवलं. जीपमधले पाच जण मित्राच्या हळदीचं जेवण करून परतत होते. चालवणारा प्यायलेला होता. त्या पाचांतला एक मुलगा अजिबात घेत नसे. दफनविधीनंतर दोन दिवसांनी तो खालांकडे आला, उंबऱ्यातच बसून रडला. म्हणाला, ‘‘मावशी, मी त्याला सारखा सांगत होतो हो, हळू चालव, हळू चालव.’’ खालांनी एवढंच विचारलं, ‘‘बेटा, तुला गाडी चालवता येत नव्हती का?’’ तो म्हणाला, ‘‘येते.’’

तो मुलगा वाईट नव्हता. मित्राला वाईट वाटेल, चारचौघांत त्याचा पाणउतारा होईल, म्हणून त्यानं किल्ली मागितली नाही. आपल्याकडे भीड फार. या भिडेपायी माणसं मरतात.

जपानमध्ये 2006 साली फुकुओकात एका पुलावर प्यालेल्या चालकानं पुढच्या गाडीला धडक दिली. ती गाडी समुद्रात कोसळली आणि एकाच घरातली तीन लहान मुलं बुडाली. देश हादरला. 2007 साली तिथला कायदा कडक झाला. चालकाबरोबरच जाणूनबुजून त्याला दारू देणारा, गाडी देणारा आणि त्याच्या गाडीतून जाणाराही शिक्षेला पात्र ठरला. दारूपायी होणारे तिथले जीवघेणे अपघात दोन-तीन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले.

आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 185 वं कलम आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीनं पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. याच कायद्यात 188 वं कलमही आहे. अशा गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा, असं ते सांगतं. हे किती जणांना ठाऊक आहे?

थर्टी फर्स्टला आणि गटारीला पोलीस नाकाबंदी करतात, चालकांना यंत्रात फुंकायला लावतात. ते चांगलंच आहे. पण प्रत्येक हळदीच्या मांडवाबाहेर आणि प्रत्येक ढाब्यासमोर पोलीस कसा उभा राहणार? तिथं आपणच असतो.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. चालवणार कोण, हे पहिला ग्लास भरण्याआधी ठरवा. ज्यानं चालवायचं त्यानं त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही. यजमानांनी जेवणाबरोबर पाहुण्यांच्या परतीचीही सोय पाहावी. नाहीतर एक सतरंजी टाकून त्यांना झोपवावं. ढाबेवाल्यानं रिक्षावाल्याचा नंबर गल्ल्याजवळ लावून ठेवावा. आणि बैठकीत न पिणारा जो कुणी असेल, त्यानं संकोच न करता हात पुढे करावा. आमच्या कविमंडळींत हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कधी शिव्या खाल्ल्या आहेत, कधी मित्र महिना महिना रुसले आहेत. रुसलेला मित्र पुन्हा बोलायला लागतो. खालांचा मुलगा परत येणार नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)