घरगुती गॅसची नळी : दुरुस्ती, दक्षता आणि कायदा



श्रीगोंदा तालुका म्हटला की घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा ऊस, लिंबाच्या बागा आणि काष्टीचा जनावरांचा बाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. या तालुक्यातील स्वयंपाकघरांत गेल्या काही वर्षांत जो बदल घडून आला, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. चुलीच्या शेजारी गॅसची शेगडी आली. पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे झाला आणि योजनेतील आठ कोटींवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी शेजारच्याच औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, महिला बचतगटांच्या मेळाव्यात देण्यात आली. सिलिंडर वाड्यावस्त्यांवर पोहोचला. परंतु त्याच्यासोबत आलेली नळी कोणी तपासावी, केव्हा बदलावी आणि तिला कोणी हात लावू नये, ही माहिती त्याच वेगाने पोहोचली असे म्हणता येणार नाही.

सिलिंडरपासून शेगडीपर्यंतचा मार्ग अगदी लहान आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह, त्यातील रबरी कडे म्हणजे ज्याला सर्वजण ‘वायसर’ म्हणतात ते, त्यावर बसणारा रेग्युलेटर, तेथून निघणारी जास्तीत जास्त दीड मीटर लांबीची नळी आणि शेवटी शेगडीची चावी. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो गॅस हा प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असून तो दाबाखाली द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. रेग्युलेटर हा दाब उतरवून पाण्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका करतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, मोरीत, धान्याच्या कोठीमागे साचून राहतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरेशी होते.

ग्रामीण स्वयंपाकघराच्या रचनेमुळे हा धोका वाढतो. पुष्कळ घरांत ओटा नसतो. शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर तिच्या शेजारी उभा, त्यामुळे नळी वर चढून खाली वाकते व वाकलेल्या जागी तडकते. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागेवर असावी, हा साधा नियम आहे. त्याच खोलीत पाणी तापविण्यासाठी किंवा भाकरीसाठी चूल पेटलेली असते. भाकरी चुलीवरचीच गोड लागते, हे कोणी नाकारणार नाही. पण जमिनीवरून सरकत जाणाऱ्या गॅसला त्या चुलीतील निखारा सहज गाठता येतो. चूल ठेवावयाचीच असेल तर ती पडवीत किंवा अंगणात असणे श्रेयस्कर होय.

आता दुरुस्तीकडे वळू. नळीला चीर पडली की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधणे, रेग्युलेटरच्या तोंडाशी एम-सील लावणे, आखूड नळीला दुसरा तुकडा जोडणे, हे प्रकार सर्रास आढळतात. या सवयीला एक इतिहास आहे. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्प सुरू झाल्यानंतर महाराष्ट्रात गोबरगॅस संयंत्रांची संख्या झपाट्याने वाढली. त्या संयंत्राची वाहिनी शेतकरी स्वतः सांभाळीत असे. नळीत साठलेले पाणी काढणे, सैल झालेला सांधा आवळणे ही त्याच्या नित्याच्या कामांपैकीच होती, आणि ते योग्यही होते. लोखंडी टोपाच्या संयंत्रात वायूचा दाब पाण्याच्या सुमारे १० सेंटिमीटर स्तंभाइतकाच असतो. मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड असल्याने तो वायू मंद जळतो आणि हवेपेक्षा किंचित हलका असल्याने उघड्यावर विरून जातो. तोच हात सिलिंडरच्या नळीवर चालविला की हिशेब बदलतो. तीच कारागिरी, पण वायू निराळा.

म्हणून सिलिंडरच्या बाबतीत नळीची दुरुस्ती हा शब्दच चुकीचा आहे. नळी दुरुस्त करावयाची नसते, बदलावयाची असते. भारतीय मानक ९५७३ प्रमाणे बनविलेली, आत पोलादी तारेचे मजबुतीकरण असलेली ‘सुरक्षा’ नळी पाच वर्षे वापरण्यास योग्य समजली जाते आणि तिच्यावर निर्मितीचे वर्ष छापलेले असते. ती मुदत संपली, किंवा तत्पूर्वीच तडा, उंदराच्या दातांची खूण अथवा भाजल्याचा डाग दिसला, तर ती टाकून द्यावी. नळी भिंतीतून किंवा ओट्याच्या लाद्यांमागून नेऊ नये. श्रीगोंदा शहरात नवी बांधणी करताना सुतार किंवा गवंडी सोयीसाठी नळी कपाटामागे दडवितो. दिसत नाही म्हणून स्वयंपाकघर सुबक दिसते खरे, पण न दिसणारी नळी तपासता येत नाही.

रेग्युलेटर उघडणे, व्हॉल्व्हमध्ये चिमटा घालून वायसर काढणे, शेगडीची चावी खोलणे ही कामे वितरकाच्या प्रशिक्षित यांत्रिकाची आहेत. काम पूर्ण झाल्यावर त्याने साबणाच्या पाण्याचा फेस प्रत्येक सांध्यावर लावून बुडबुडा येतो का हे ग्राहकासमोर पाहिले पाहिजे, आणि ग्राहकानेही ते मागितले पाहिजे. काडी पेटवून गळती शोधणाऱ्यास, मग तो कितीही अनुभवी असो, घरातून बाहेर काढावे. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेला २००० सालचा आदेश घरगुती गॅसच्या पुरवठ्याचे व वापराचे नियमन करतो, आणि गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे ग्राहकाच्या ताब्यातील एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरण्यास मनाई आहे. ऊसतोडणीच्या हंगामात फडावरच्या कोप्यांत दिसणाऱ्या, कोठेतरी भरून आणलेल्या लहान टाक्या याच मनाईत बसतात. तोडणी कामगारांसाठी पाच किलोचा अधिकृत सिलिंडर उपलब्ध आहे, हे त्यांना मुकादमाने किंवा कारखान्याच्या शेतकी विभागाने सांगावयास हवे.

येथे सर्व दोष गृहिणीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. वितरकाचे दुकान तालुक्याच्या गावी, वस्ती दहा-पंधरा किलोमीटरवर, आणि दिवसाची मजुरी बुडवून नळी आणावयाची तर ट्यूबची पट्टी स्वस्त वाटणारच. तेल कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये घरोघरी विनामूल्य सुरक्षा तपासणीची मोहीम काढली आणि सवलतीच्या दराने नळी दिली. अशी तपासणी ग्रामसभेच्या दिवशी गावातच व्हावी, असा ठराव करून वितरकाला कळविणे कोणत्याही ग्रामपंचायतीला शक्य आहे.

तेल कंपन्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्व विमा उतरवितात. त्यात अपघाती मृत्यूस प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत, तर नोंदणीकृत घराच्या हानीसाठी दर घटनेस २ लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद सांगितली गेली आहे. पण घर बदलले आणि पत्ता बदलून घेतला नाही, किंवा नळी व रेग्युलेटर मानकाचे नसले, तर संकटात सापडलेल्या कुटुंबाला हा आधार मिळविणे कठीण होऊन बसते.

शिक्षकवर्गाने एक जुनी घटना अवश्य लक्षात ठेवावी. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावी १८ मार्च १९३७ रोजी एका शाळेत स्फोट होऊन सुमारे तीनशे मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. इंधनाचा खर्च वाचविण्यासाठी शाळेच्या व्यवस्थापनाने अधिकृत पुरवठा बंद करून जवळून जाणाऱ्या तेलक्षेत्राच्या वाहिनीला आपल्याच माणसांकरवी जोड घेतला होता. तो वायू गंधहीन होता. गळून तो इमारतीखालील पोकळीत साचला आणि कार्यशाळेतील यंत्राची ठिणगी त्याला लागली. या घटनेनंतर वायूला वास देण्याची सक्ती करणारे कायदे झाले. आपल्या सिलिंडरला येणारा उग्र दर्पही गॅसचा स्वतःचा नसून त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा आहे. आपल्या शाळांतही पोषण आहार शिजविला जातो, आणि त्या खोलीतील नळी कधी बदलली याची नोंद शाळेच्या दप्तरात असावयास हवी.

वास आला तर प्रथम रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण चालू किंवा बंद, काहीच करू नये, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडते. व्हॉल्व्हवर दोरीची टोपी बसवून सिलिंडर शक्य तर मोकळ्यावर न्यावा आणि घरापासून दूर जाऊन १९०६ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहिला तरी पुरे.

यापुढचा टप्पा नळाने येणाऱ्या गॅसचा आहे. २०१८ च्या नवव्या फेरीत त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, व औरंगाबाद या जिल्ह्यांतील शहर वायू वितरणाची अनुमती भारत पेट्रोलियमला मिळाली आणि श्रीगोंद्याकडून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने वाहिनीची आखणी झाली. हा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असून हवेपेक्षा हलका असतो, छताकडे चढतो. म्हणजे सिलिंडरसाठी शिकलेली सावधगिरी येथे उलटी होते आणि झरोका वर लागतो. मीटरपलीकडची घरातील वाहिनी हलविणे, फांदी काढणे किंवा ओटा फिरविणे हे काम नेहमीच्या नळ कारागिराने करावयाचे नसून वितरण कंपनीकडे अर्ज करून, दाब चाचणीसह करून घ्यावयाचे आहे. पाण्याच्या नळाला दोरा गुंडाळणारा हात कितीही सफाईचा असला तरी गॅसच्या सांध्याला तो चालत नाही.

रस्त्याखालील वाहिनीचा प्रश्न पंचायत सदस्यांशी थेट निगडित आहे. जमिनीखालील वितरण नळी पिवळ्या रंगाच्या पॉलिथिलीनची असते, ती साधारण एक मीटर खोल पुरतात व तिच्या वर इशारा देणारी पट्टी टाकतात. पाणीपुरवठ्याचा चर किंवा गटार खोदताना जेसीबीचा दात त्या पट्टीला लागला तर यंत्र तेथेच थांबवावे. खोदण्यापूर्वी संबंधितांना सूचना देण्यासाठी केंद्र शासनाने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले आहे. कामाचा कार्यादेश देताना ठेकेदाराकडून अशी सूचना दिल्याची पावती मागण्याची पद्धत ग्रामसेवकाने आजच पाडावी. नळी तुटून गॅस पेटलाच तर ज्वाला विझविण्याचा आटापिटा करू नये. विझलेला गॅस शेजारच्या घरात जाऊन साचतो. यंत्र बंद करून माणसे व गुरे दूर न्यावीत, रस्ता अडवावा, आणि कंपनीचा माणूस येऊन झडप बंद करीपर्यंत चरात माती लोटून तोंड बुजविण्याचा प्रयत्न कोणी करू नये.