कोपरा तेवढा राहू द्या

(पक्षी सप्ताहानिमित्त रेडिओवरून केलेलं भाषण)



५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींचा. २०२० साली सरकारने हे दिवस पक्ष्यांच्या नावे केले. तारखा माणसांच्या जन्मावरून ठरल्या, पण पक्ष्यांच्या हिशेबानेही मुहूर्त बरोबर साधला आहे. उत्तरेतून निघालेली बरीच पाखरं या सुमाराला महाराष्ट्रात येऊन स्थिरावलेली असतात, काही अजून वाटेत असतात, तर काही आपल्या डोक्यावरून आणखी पुढे चाललेली असतात.

स्थलांतर म्हटलं की आपल्याला शिवडीचे किंवा उजनीचे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आठवतात. गाडी काढायची, डबा घ्यायचा, दिवस मोडायचा, असा तो कार्यक्रम असतो. आज मला बोलायचं आहे ते घरापासून चालत जाता येईल अशा जागांबद्दल. कॉलनीमागची टेकडी, नाल्याचा काठ, महापालिकेची बाग, एखाद्या कॉलेजचं जुनं आवार. उदाहरणं मी पुण्याची देईन, कारण माझं फिरणं तिथलं. पण नागपूरचं गोरेवाडा, कोल्हापूरचा रंकाळा, छत्रपती संभाजीनगरचं सलीम अली सरोवर, इथेही थोड्याफार फरकाने हीच मंडळी भेटतील.

या स्थलांतरित पाखरांचं वेळापत्रक सणांच्या आधाराने सहज लक्षात राहतं. गणपतीच्या आगेमागे पहिला हजर होतो तो करडा धोबी. पोटाकडे पिवळा, लांबलचक शेपूट, आणि ती सारखी वरखाली चाललेली. हिमालयातल्या आणि त्याही पलीकडच्या ओढ्यांकाठी पिल्लं वाढवून तो खाली उतरतो आणि आपल्याकडे एखाद्या वाहत्या नाल्याच्या दगडावर ठाण मांडतो. नवरात्रात थिरथिरा येतो. काळसर अंग, विटकरी पोट, आणि बसल्या जागी थरथरणारी शेपूट. टेकडीवरचा दगड असो की बांधकामावरची विटांची थप्पी, त्याला दोन्ही चालतात. दसरा-कोजागरीच्या सुमाराला बागांमध्ये लाल कंठाचा माशीमार येतो. दिवाळीपर्यंत पाण्यावर थापट्या, भुवई बदक, चक्रवाक दिसू लागतात.

अर्थात अधिक महिना आला की आपले सण पुढे सरकतात, पाखरं मात्र आपल्या वेळेला येतात. आपलं पंचांग चंद्रावर चालतं, त्यांचं दिवसाच्या लांबीवर. उत्तरेत दिवस लहान होऊ लागला की त्यांच्या शरीरात बदल सुरू होतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. ते केवळ थंडीला भिऊन पळतात हा आपला समज आहे. पिसांचा कोट असला की थंडी बरीच सोसता येते. सोसत नाही ती उपासमार. बर्फ पडलं की किडे संपतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे पावसाळा नुकताच सरलेला असतो. गवत कमरेएवढं, झाडं पानांनी भरलेली आणि पानापानावर अळ्या. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण शिव्या देतो, पण किडे खाणाऱ्या पाखराच्या दृष्टीने ही सुगी असते.

आता एका पाखराकडे जरा जवळून पाहू. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवा. साधारण तेवढंच वजन असतं हिरवट वटवट्याचं. वरून मळकट हिरवा, खालून फिका, डोळ्यावर एक पांढरट भुवई. रूप म्हणाल तर काहीच नाही, आणि एका जागी दोन क्षण थांबेल तर शपथ. म्हणून तो आधी ऐकायचा असतो. बाभळीच्या किंवा करंजाच्या शेंड्यातून बारीक, धारदार ‘चिस्वी, चिस्वी’ असा आवाज येतो. मग मान वर करून उभं राहायचं. एक पान हलतं, मग त्याच्या शेजारचं. पानाच्या खालच्या बाजूला चोच मारायची, क्षणभर हवेत तरंगत पुढची अळी टिपायची आणि पुढच्या फांदीवर जायचं, हाच उद्योग दिवसभर. हिमालय आणि उत्तर आशियातल्या जंगलांतून आलेलं हे पाखरू हिवाळ्यासाठी आपल्याकडे झाडांचा एक पट्टा स्वतःचा म्हणून धरतं. तो ‘चिस्वी’चा पुकारा शेजाऱ्याला दिलेला इशारा असतो. सप्टेंबरात आलेला हा पक्षी एप्रिलपर्यंत इथेच राहतो. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने त्याचा पत्ता आपल्या टेकडीवरचा, आणि उत्तरेत तो जातो केवळ बाळंतपणापुरता. अशाला हिवाळी पाहुणा म्हणणं मला जड जातं. शहरात भाड्याने राहणारी कितीतरी माणसं याच्याइतकी एका जागी टिकत नाहीत.

लाल कंठाच्या माशीमाराची तऱ्हा आणखी वेगळी. हा पोलंडपासून रशियापर्यंतच्या जंगलांत वीण करतो. तिथले बरेच पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे वळतात, हा मात्र पूर्वेची वाट धरून भारतात येतो. एखाद्या सावलीच्या बागेत, जमिनीपासून हातभर उंचीवर, खालच्या फांदीवर बसलेला सापडेल. शेपूट उभी करतो, तेव्हा तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसतात, आणि ‘टिर्रर्र’ असा कोरडा आवाज करतो. लाल कंठ फक्त जाणत्या नराला, त्यामुळे बऱ्याचदा पांढऱ्या गळ्याची मादी किंवा पोरसवदा पक्षीच समोर येतो. नवखा माणूस तिथेच फसतो. अशा वेळी गळ्याकडे पाहू नका, शेपटीकडे पाहा.

शरदात सगळेच येतात असंही नाही, काही जातातही. पावसाबरोबर आलेला चातक सप्टेंबर-ऑक्टोबरात आफ्रिकेकडे निघतो. चातकाची मादी आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालते, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पुढची गोष्ट जास्त नवलाची आहे. सातभाईंनी वाढवलेलं ते पिल्लू जन्मदात्या आई-बापाच्या सोबतीशिवाय, कुणी वाट न दाखवता, समुद्रापलीकडच्या प्रवासाला निघतं. जन्मभर एका टेकडीवर राहणारे सातभाई त्याला काय शिकवणार? दिशा आणि वेळ ते जन्मतःच घेऊन आलेलं असतं.

आणि काही फक्त वाटसरू. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या, पुण्याच्या टेकड्यांवर मान वर करून पाहिलंत तर अमूर ससाणा दिसू शकतो. पूर्व सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघालेला हा लहानखुरा ससाणा ईशान्य भारतात थांबतो, मग देश ओलांडून अरबी समुद्रावरून दोन हजारांहून अधिक किलोमीटर सलग उडत आफ्रिका गाठतो. याच दिवसांत चतुरांचे थवेही त्याच दिशेने समुद्र ओलांडतात, आणि वाटेतली शिदोरी तीच असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले जात असल्याचं उघड झालं. त्यावर गावकरी, चर्च, सरकार आणि संस्था एकत्र बसल्या, आणि पुढच्याच हंगामात तिथली जाळी उतरली. आपल्या आकाशातून जाणारा ससाणा सुखरूप जातो, त्यात नागालँडमधल्या त्या गावांचा वाटा आहे. मग आपल्या वाट्याला काय काम येतं, हा प्रश्न ओघानेच आला.

माझं उत्तर साधं आहे. शहरातला एखादा कोपरा जरा अस्ताव्यस्त राहू द्या.

आपल्याकडे बाग सुधारायची म्हणजे काय करतात? पालापाचोळा झाडून जाळायचा, झुडपं काढायची, हिरवळ अंथरायची, कडेने फरशी, चार रंगीत दिवे आणि महिन्याला कीटकनाशकाची फवारणी. माणसाच्या डोळ्याला बाग सुंदर होते. पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला तिथे खायला काही उरत नाही, कारण अळी गेली, पाचोळ्यातला किडा गेला, दडायला झुडूप गेलं. याउलट कुंपणाच्या कडेची बाभूळ, बोर, घाणेरीची जाळी, जुनं उंबराचं झाड आणि खाली कुजत पडलेली पानं, जिथे माळीसुद्धा फारसा फिरकत नाही, तिथे सकाळी पाच-सहा जातींचे स्थलांतरित पक्षी सहज दिसतात.

टेकड्यांचंही तेच. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवाई म्हणून मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावलं गेलं. पण टेकडी म्हणजे काही अपुरं राहिलेलं जंगल नव्हे. उघडा गवताळ उतार, मधूनच खडक, विरळ झुडपं, हेच तिचं मूळचं रूप. गवताच्या काडीवर बसणारा गप्पीदास आणि खडकावरचा थिरथिरा यांना तेच लागतं. वृक्षारोपणाचा उत्साह चांगला आहे, पण प्रत्येक मोकळा उतार झाडाने भरून काढायलाच हवा असं नाही. आणि हिवाळा सरताना त्या गवताला काडी लावली जाते, ती थांबवली तर फार मोठं काम होईल.

नदीची गोष्ट जरा अडचणीची आहे. मुळा-मुठेचं पाणी किती घाण आहे हे मी सांगायला नको. तरीही येरवड्याजवळ किंवा खाली कवडीपाटला हिवाळ्यात बदकं, तुतारी, शेकाटे, धोबी गोळा होतात. सांडपाण्यातल्या गाळात माश्यांच्या अळ्या वाढतात आणि उथळ, चिखलाच्या काठावर त्या चोचीला लागतात. यावरून घाण पाणी पक्ष्यांना मानवतं असा निष्कर्ष कुणी काढू नये. प्रवाहातलं विष वाढलं की अळ्याही मरतात. पाणी शुद्ध व्हायलाच हवं. मात्र ते करताना उतरता, मऊ काठ जागेवर राहिला पाहिजे. सरळ उभी भिंत बांधली की पाणी स्वच्छ असूनही तुतारीला पाय टेकायला जागा नाही.

आणखी एक गोष्ट, उंच इमारतीत राहणाऱ्यांसाठी. लहान पक्षी बहुतेक रात्री प्रवास करतात. झगमगते दिवे त्यांची दिशाभूल करतात, आणि काचेत दिसणारं आकाश त्यांना खरं वाटतं. नवरंगासारखा देखणा पक्षी दक्षिणेकडे जाताना दमून एखाद्या गॅलरीत पडलेला सापडतो. तो सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, फोटोसाठी हातात धरू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. अनेकदा तो तास-दोन तासांत सावरतो, मग जवळच्या झाडीत सोडा. जखम असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पाहायला सुरुवात कशी करावी, हेही थोडक्यात सांगतो. दुर्बीण नंतर घ्या. आधी एक जागा ठरवा आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा जा. सकाळचे पहिले दोन तास उत्तम. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याची खोड लावून घेऊ नका. आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजून तो खाणं टाकून भांडायला येतो, आणि प्रवासाने खंगलेल्या पाखराला ते परवडत नाही. आणि वहीत तारीख लिहा. पहिला धोबी कधी दिसला, थिरथिरा शेवटचा कधी दिसला, एवढं पुरे.

ही नोंद वाया जात नाही. २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ नावाच्या उपक्रमाने देशभरातल्या हौशी लोकांकडून अशाच तारखा मागवल्या. आज त्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर जमा होतात. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकाळाची पुरेशी माहिती असलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत, असं त्यातून कळलं. दूरवरून येणाऱ्या स्थलांतरितांची घट त्यात विशेष काळजीची आहे. हे कळलं ते शाळामास्तर, बँकेतले कारकून, निवृत्त मंडळी आणि कॉलेजची मुलं सकाळी उठून लिहीत राहिली म्हणून.

तेव्हा या पक्षी सप्ताहात दोन कामं करा. आपल्या जवळच्या बागेत किंवा टेकडीवर एक सकाळ घालवा आणि दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा. दुसरं काम सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचं. बागेच्या सुशोभीकरणाचा विषय निघाला की हात वर करून म्हणा, कुंपणाकडची ती बाभूळ आणि तिच्याखालचा पाचोळा तसाच राहू द्या. कुणी कारण विचारलं तर सांगा, तिथे एक जण सप्टेंबर ते एप्रिल राहतो आणि त्याने मेंटेनन्स कधी थकवलेला नाही.