हाडाची आणि पोलादाची शर्यत



नडगीच्या हाडात सळई बसविली की माणूस म्हणतो, 'आता पाय पोलादी झाला!' हा समज मला आज दूर करावयाचा आहे.

तार एकदा वाकविली तर तुटत नाही. पुन्हापुन्हा वाकविली म्हणजे तुटते. आगगाडीच्या चाकांचे आस असेच मोडत. १८६० च्या दशकात जर्मनीत आउगुस्ट व्होलर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की, एका वेळी सहज पेलणारा ताणही लक्षावधी वेळा पडला, तर धातू थकतो.

पायातल्या सळईचेही तेच. दिवसाला ३००० पावले धरा. एका पायाच्या वाट्याला १५००. वीस आठवड्यांत २,१०,००० वेळा भार! सळईला आडवे धरणारे स्क्रू बारीक असतात. पुष्कळदा तेच आधी मोडतात.

मग सळई बसवावयाची कशाला? स्लॅब पक्का होईपर्यंत खाली टेकू देतात ना, तशीच ती आहे. हाड जुळत जाते, तसतसा भार हाड उचलते आणि पोलाद सुटते. नडगी जुळावयास बहुधा चार-पाच महिने लागतात. उघडी जखम, जंतुसंसर्ग किंवा विडी-सिगारेट असली तर अधिक. तोवर पोलाद एकटेच थकत राहते.

धातूत दोष क्वचित असतोही. पण सळई मोडली, तर आधी विचारावे : हाड जुळले होते काय? ते जुळत नसेल, तर नवी सळईही उद्या मोडेल. म्हणून डॉक्टरांनी क्ष-किरण चित्रासाठी बोलाविले असता, 'आता दुखत नाही' म्हणून जाणे टाळू नका.

ही शर्यत हाडाने जिंकावयाची आहे. पोलादाने तोवर तग धरला, की त्याचे काम झाले.