खेळाचे दुभाषी

कवितेच्या माणसानं संगणकावरच्या खेळांविषयी बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण आज मी जे सांगणार आहे, ती मुळात भाषांतराची गोष्ट आहे. घरात दखनी, दाराबाहेर मराठी आणि कपाटात दोन लिप्यांतली पुस्तकं अशा वातावरणात मी वाढलो. त्यामुळे भाषांतर म्हटलं की माझे कान टवकारतात.

निमित्त घडलं ते असं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं ‘विंडोज १०’ या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. ज्यांना हवी त्यांच्यासाठी वर्षभराच्या मुदतवाढीची सोय ठेवली, पण रोख स्पष्ट होता : पुढच्या आवृत्तीकडे चला. आता ‘विंडोज ११’ ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. घरोघरी असे असंख्य संगणक आहेत, जे उत्तम चालतात, पण या अटीत बसत नाहीत. माझा भाचा संगणक दुरुस्तीचं काम करतो. असा संगणक घेऊन कुणी आलं की तो म्हणतो, “लिनक्स टाकून देतो, अजून चार वर्षं चालेल.” त्यावर वडील विचारतात, “मराठी टाइप होईल ना?” आणि सोबतचा मुलगा विचारतो, “गेम चालतील का?”

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर केव्हापासूनच ‘हो’ आहे. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पंचवीसएक वर्षं बहुधा ‘नाही’ असंच होतं. आज ते ‘बहुतेक चालतील’ असं झालं आहे. हा बदल कसा झाला, तेच मला सांगायचं आहे.

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्यानं लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातली साधनं त्याला येऊन मिळाली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे तिची आज्ञावली सर्वांना खुली आहे. कुणीही ती वाचावी, बदलावी आणि वाटावी. आपल्याकडे शेजारणीनं लोणच्याची कृती सांगितली की आपण त्यात आपल्या चवीनं मेथी वाढवतो आणि तिसरीला सांगतो, तसाच हा प्रकार. खेळ तिथंही होते. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा डावपेचांचा खेळ २००३ पासून हौशी मंडळी मिळून घडवत आली आहेत आणि तो फुकट आहे. पण मुलांना हवे असतात ते बाजारातले, मित्र खेळतात ते खेळ. ते चालत नव्हते.

का चालत नव्हते? संगणकावरचा खेळ स्वतः काहीच रंगवत नाही. ‘इथे भिंत काढ, तिथे सावली पाड, आता बंदुकीचा आवाज कर’ असं तो ऑपरेटिंग सिस्टीमला सांगत असतो, दर सेकंदाला हजारो वेळा. हे सांगण्याची एक ठरलेली भाषा असते. विंडोजवर १९९५ पासून ‘डायरेक्टएक्स’ ही भाषा रुळली आणि बहुतेक खेळ तीच बोलू लागले. लिनक्सला ती कळत नव्हती. यंत्र तेच, ताकद तीच, पण पाहुणा काय मागतो आहे ते यजमानाला उमगत नाही, अशी ही अवस्था.

यावर दोन उपाय होते. पहिला, मूळ खेळ लिनक्सच्या भाषेत नव्यानं उतरवायचा. अमेरिकेतल्या ‘लोकी’ नावाच्या छोट्या कंपनीनं १९९८ मध्ये हा उद्योग मांडला. ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ हा त्यांचा पहिला खेळ १९९९ मध्ये आला. पण लिनक्सवर खेळणारे कमी म्हणून खेळ खपेनात, आणि खेळ नाहीत म्हणून खेळणारे वाढेनात. आधी कोंबडी की आधी अंडं, या कोड्यात कंपनी अडकली आणि जानेवारी २००२ मध्ये बंद पडली. तिथल्या सॅम लँटिंगा यांनी लिहिलेलं ‘एसडीएल’ नावाचं साधन मात्र खुलं होतं. दुकान मोडलं तरी हत्यार उरलं. आजही असंख्य खेळ त्या साधनावर उभे आहेत.

दुसरा उपाय दुभाष्याचा. खेळ आहे तसाच राहू द्यायचा आणि तो जे विंडोजच्या भाषेत मागतो ते मधल्या मध्ये लिनक्सच्या भाषेत सांगायचं. हे काम १९९३ पासून सुरू आहे. त्या प्रकल्पाचं नाव ‘वाइन’. उर्दू शायरीत शराबाचे पेले इतके भरलेले असतात की माझ्यासारख्या न पिणाऱ्याला या नावाचं वावडं वाटायचं कारण नाही! ‘वाइन म्हणजे नक्कल-यंत्र नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं जोडून ते नाव बनलं आहे. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याची धुरा सांभाळत आले आहेत. त्याची ‘१.०’ ही आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी!

एवढा काळ का लागला? कारण विंडोजची मूळ आज्ञावली कंपनीच्या तिजोरीत असते, ती पाहायची मुभा नाही. मग एकच मार्ग उरतो. असं विचारल्यावर विंडोज काय उत्तर देते, तसं विचारल्यावर काय देते, हे बाहेरून पारखायचं आणि तेच उत्तर देणारी आपली आज्ञावली स्वतंत्रपणे लिहायची. त्यातली एक गोष्ट मला फार भावली. विंडोजमध्ये एखादी चूक राहून गेली असेल आणि एखादा खेळ त्या चुकीवरच विसंबून असेल, तर वाइनला ती चूकसुद्धा जशीच्या तशी करावी लागते. सुधारली, तर खेळ बंद पडतो! माझी आई बोलायची ती दखनी लखनवी उर्दूवाल्यांना अशुद्ध वाटायची. तिचं बोलणं मी शुद्ध करून मराठीत उतरवलं, तर वाक्य सुबक होतं, पण त्यात आई उरत नाही. वाइनच्या माणसांना ही गोष्ट वेगळ्या वाटेनं उमगली होती.

पुढचं वळण आलं व्यवहारातून. ‘व्हॉल्व्ह’ ही कंपनी ‘स्टीम’ नावाचं संगणकीय खेळांचं मोठं दुकान चालवते. तिचे प्रमुख गेब न्यूएल हे स्वतः पूर्वी मायक्रोसॉफ्टमध्ये तेरा वर्षं होते. २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ येऊ घातली. तिच्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं. ज्याच्या जागेत आपला गाळा, त्यानंच शेजारी तसाच गाळा काढला, तर व्यापारी दुसरी जागा शोधतोच. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी खेळयंत्रं बाजारात उतरवली गेली आणि ती सपशेल पडली. कोंबडी आणि अंड्याचं कोडं अजून सुटलं नव्हतं.

ते सुटलं दुभाष्यांमुळे. फिलिप रेबोले नावाच्या एका प्रोग्रॅमरला ‘निअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. तो चालेना, म्हणून त्यानं डायरेक्टएक्सचं बोलणं ‘व्हल्कन’ या नव्या, खुल्या भाषेत उतरवणारी ‘डीएक्सव्हीके’ ही आज्ञावली लिहायला घेतली. व्हॉल्व्हनं वाइन आणि हे काम एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ आणलं. सुरुवातीला त्यांनी तपासून दिलेले खेळ होते अवघे २७. आज विंडोजसाठीचे हजारो खेळ लिनक्सवर चालतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेलं ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळायचं यंत्र लिनक्सवरच चालतं. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचं प्रमाण पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेलं. आकडा लहान वाटेल, पण शून्यातून आलेला आहे.

मात्र व्हॉल्व्हला कुणी धर्मादाय संस्था समजू नये. स्टीमवर आपण पैसे देतो ते खेळाच्या मालकीचे नव्हे, तर परवान्याचे. पैसे भरण्यापूर्वी तशी सूचनाही २०२४ पासून दाखवली जाते. पण वाइन आणि डीएक्सव्हीके खुले आहेत. उद्या व्हॉल्व्हनं हात काढून घेतला तरी लोकीच्या त्या साधनासारखे ते मागे राहतील.

म्हणजे सारं आलबेल झालं का? नाही. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या काही खेळांचं दार अजून बंद आहे, आणि त्याचं कारण भाषा नाही. अशा खेळांत लबाडी करणारे असतात. भिंतीपलीकडचं दिसावं, नेम आपोआप लागावा, अशा चोरट्या आज्ञावल्या ते वापरतात. त्यांना पकडायला कंपन्या पहारेकरी बसवतात. काही पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये जाऊन बसतात, जिथून घरातल्या प्रत्येक कप्प्याची किल्ली मिळते. लिनक्सवर गाभाच मालकाच्या हातात असतो, म्हणून कंपन्यांना भरवसा वाटत नाही. ‘लीग ऑफ लेजंड्‌स’ हा खेळ पूर्वी वाइनवर चालायचा. २०२४ मध्ये त्यात असा पहारेकरी आला आणि तो बंद झाला. ‘एपेक्स लेजंड्‌स’ तर स्टीम डेकवर रीतसर चालत होता. लबाडीचं कारण देऊन त्याच वर्षी लिनक्सवाल्यांना बाहेर काढण्यात आलं.

लबाडीचा त्रास खोटा नाही. प्रामाणिक खेळाडूच त्यानं जास्त पोळतो. पण गाभ्यात बाहेरच्याला बसवण्याची किंमतही आपण पाहिली आहे. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा कंपनीच्या अशाच गाभ्यातल्या आज्ञावलीत सदोष फाइल आली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. खेळातला पहारेकरीही त्याच जागी बसलेला असतो.

तीस वर्षं चिकाटीनं काम करून भाषेची अडचण माणसांनी सोडवली. विश्वासाची अडचण दुभाष्याला सोडवता येत नाही. काहीजण लबाड आहेत म्हणून साऱ्या वस्तीनं किल्ल्या जमा कराव्यात, आणि जो देणार नाही त्यानं दाराबाहेर थांबावं, हा न्याय मला खेळातही पटत नाही. लबाडी खेळातल्या वागण्यावरून, कंपनीच्या स्वतःच्या संगणकावर तपासूनही पकडता येते. ते महाग आणि किचकट असेल, पण तो भार खेळाडूच्या घरावर टाकण्यापेक्षा बरा.

शेवटी, जुना संगणक बाळगून असलेल्यांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगतो. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन आधी नुसती चालवून पाहता येते, आतलं काही पुसावं लागत नाही. कायमची टाकायची झाली, तर फोटो आणि कागदपत्रांची प्रत आधी दुसरीकडे ठेवा. हवा असलेला खेळ लिनक्सवर चालतो का, हे ‘प्रोटॉनडीबी’ या खेळाडूंच्याच नोंदवहीत नावानिशी पाहता येतं. जुन्या यंत्रात लिनक्स नवी ताकद भरत नाही, त्यामुळे अवजड खेळांची अपेक्षा ठेवू नका. पण लहानग्यांसाठी खेळातून अंक-अक्षरं शिकवणारं ‘जीकॉम्प्रिस’ आहे, मोठ्यांसाठी वेसनॉथ आहे, शर्यतीसाठी ‘सुपरटक्सकार्ट’ आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

चालता संगणक भंगारात देण्याआधी एक रविवार यासाठी जरूर काढा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)