बंद करण्याची चिठ्ठी



गेवराई तालुक्यातल्या डॉक्टर आणि औषध विक्रेत्यांच्या सभेत अध्यक्षानं सगळ्यात शेवटी बोलायचं असतं, आणि तोवर मांडवात भाजीच्या फोडणीचा वास पोचलेला असतो. त्यामुळे शाल घेतली, नारळ टेबलावर ठेवला, आता लगेच विषयाला हात घालतो.

आपल्या तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. इतिहासवाले तिथं १७६३ ची पेशवे-निजाम लढाई शोधायला जातात, बाकीचं जग शनिमहाराजांकडे साडेसातीचं गाऱ्हाणं घेऊन जातं. माझा ज्योतिषावर विश्वास नाही, पण एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. साडेसाती एकदम उतरते असं कुठलाच ज्योतिषी सांगत नाही. अडीच, अडीच आणि अडीच अशा टप्प्यांनीच ती उतरते. आपण एमबीबीएस, बीएएमएस झालेली माणसं मात्र आठ वर्षं चाललेली गोळी सोमवारी अर्धी करतो आणि पुढच्या सोमवारी बंद करतो.

मी नैराश्यावरच्या गोळ्यांबद्दल बोलतोय. गावात त्यांना 'टेन्शनची गोळी' म्हणतात. ती कधी सुरू करावी यावर आपण कितीतरी व्याख्यानं ऐकली. बंद कशी करावी यावर मी माझ्या पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एकही ऐकलं नाही, म्हणून आज मीच देतोय. आणि ते मी पुस्तक वाचून देत नाही. पुस्तक नंतर वाचलं.

२०१४ साली, गारपिटीनंतरच्या उन्हाळ्यात, माझा थोरला भाऊ गेला. दोन महिने मी दवाखान्यात बसायचो, पण समोरच्याचं बोलणं कानापर्यंत येऊन परत जायचं. एस्सिटॅलोप्रॅम सुरू केली, हळूहळू २० मिलिग्रॅमवर गेलो. औषधानं मला उभं केलं, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणी गोळीलाच शिव्या देत घरी जायला नको. सात वर्षांनी वाटलं, आता पुरे. रुग्णांना सांगायचो तेच स्वतःला सांगितलं: आठवडाभर १०, मग बंद.

बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी गढीच्या रस्त्यानं मोटारसायकलवर येत होतो. आरशात बघायला नजर वळवली आणि डोक्यात करंट लागला. दुसरा शब्द नाही. एका क्षणाचा झटका, कानात 'झूप' असा आवाज, आणि गाडी आपोआप बाजूला. मग दिवसाला वीस-तीस वेळा. सोबत चक्कर, मळमळ, घाम, पहाटे पहाटे भयंकर स्वप्नं, आणि नातवानं पेला पाडला तर डोळ्यांत पाणी. मी बीपी पाहिलं, कानाच्या डॉक्टरांना कान दाखवला, मानेचा एक्स-रे काढला. शेवटी ठरवलं की जुना आजार उलटला. स्वतःच्या गोळीचा विचार माझ्या मनात आला नाही! अंबाजोगाईला माझ्याबरोबर शिकलेल्या एका मित्रानं फोनवर एकच प्रश्न विचारला, "गोळी कधी सोडलीस?" पुन्हा सुरू केली. तीन दिवसांत करंट थांबला. तेव्हा मला माझे जुने रुग्ण आठवायला लागले. "डॉक्टरसाहेब, डोक्यात करंट मारतोय" म्हणणाऱ्या किती मावश्यांना मी कॅल्शियम आणि बी-बारा दिलं असेल, त्याचा हिशेब करवत नाही.

हा त्रास नवा नाही. इमिप्रामिन हे नैराश्यावरच्या सगळ्यात पहिल्या औषधांपैकी एक. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी त्याचा गुण १९५७ मध्ये जगापुढे मांडला. ते अचानक बंद केलं की रुग्णाला त्रास होतो, हे १९५९ मध्येच कॅनडातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. तरी ब्रिटनच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हा त्रास बहुधा सौम्य असतो आणि आठवडाभरात आपोआप जातो, असंच छापलेलं होतं. ती समजूत दुरुस्त व्हायला २०१९-२० उजाडलं. २०२२ च्या मार्गदर्शिकेत मात्र टप्प्याटप्प्यानं, आणि डोस लहान होत जाईल तशी कपातही लहान करत, असं स्वच्छ लिहिलं आहे.

किती जणांना हा त्रास होतो, यावर तज्ज्ञांत अजून भांडण आहे. २०१९ च्या एका आढाव्यानं निम्म्याहून जास्त म्हटलं. २०२४ च्या जर्मन आढाव्यात गोळी थांबवणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना काही ना काही झालं. पण औषध नसलेली, नुसती दिखाव्याची (प्लासिबो) गोळी थांबवणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनाही झालं. म्हणजे खुद्द औषधामुळे सहा-सात माणसांत एकाला, आणि तीव्र त्रास साधारण पस्तिसांत एकाला. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत माणसं थोडेच महिने गोळी घेत होती. आपल्याकडचा रुग्ण आठ-दहा वर्षांचा असतो. एवढं लक्षात ठेवून तो आकडा वाचा.

आता असं का होतं, ते. तापलेल्या रानाला पहिलं पाणी द्या. पहिल्या दोन तासांत जमीन घटाघटा पिते, मग जितकं सोडाल तितकं वरून वाहून जातं. गोळीचंही तसंच. एस्सिटॅलोप्रॅमची सख्खी बहीण सिटॅलोप्रॅम. तिच्या २० मिलिग्रॅमनं मेंदूतल्या सेरोटोनिन उचलणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के अडतात. डोस ९ वर आणला तरी ७० टक्के अडलेल्याच असतात. साधारण साडेपाचला ६०. आणि १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी, ०.८ ला, अजून २० टक्के. म्हणजे २० वरून ९ वर येणं ही दहा टक्क्यांची पायरी, आणि साडेपाचवरून शून्यावर येणं ही साठ टक्क्यांची उडी. लंडनच्या मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी हे गणित २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त मांडलं. यातले हॉरोविट्झ स्वतः अशीच गोळी सोडताना पोळले होते. दुखल्याशिवाय डॉक्टर शिकत नाही, हे लंडनलाही खरं आहे म्हणायचं. आपण 'आता पाचच तर राहिली, सोडून द्या' म्हणतो, तेव्हा रुग्णाला शेवटच्या पायरीवरून नाही, माडीवरून उतरायला सांगत असतो.

'एक दिवसाआड घ्या' हा आपला दुसरा लाडका सल्ला. मीही शेकडो वेळा दिला. व्हेनलाफॅक्सिन पाच तासांत रक्तात निम्मी होते, पॅरॉक्सेटिन दिवसभरात. त्यांना दिवसाआड देणं म्हणजे रुग्णाला रोज झोका देणं: आज वर, उद्या खाली. फ्लुओक्सेटिनची गोष्ट वेगळी, ती आणि तिचं शरीरात बनणारं रूप आठवडे रेंगाळतात, म्हणून ती सोडणं बहुतेकांना सोपं जातं आणि त्रास झालाच तर उशिरा होतो.

आता इथल्या मेडिकलवाल्या मित्रांशी थोडं घरचं बोलतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त कोणतं पाकीट खपतं? एस्सिटॅलोप्रॅम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ एकाच गोळीत. मी लिहिलं, तुम्ही दिलं, दोघांचीही सोय झाली. ती गोळी अर्धी मोडली की दोन औषधं एकदम अर्धी होतात. त्यातलं क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू असताना झटक्यात बंद केलं तर फिट येऊ शकते. म्हणून आधी दोन्ही वेगळ्या गोळ्यांत आणायच्या, मग एकाच वेळी एकच कमी करायची, दुसरी जशीच्या तशी. कुठली आधी, ते मानसोपचारतज्ज्ञाला विचारून. आणि कृपा करून एस्सिटॅलोप्रॅम ५ ची गोळी दुकानात ठेवा. तिचे अर्धे आणि पाव तुकडे होतात. दहाच्या गोळीचा सव्वा मिलिग्रॅमचा तुकडा करायला गेलात तर हातात पीठ येतं. सावकाश सुटणाऱ्या कॅप्सूल आणि सीआर गोळ्या मात्र चुरू नका. हॉलंडमध्ये पीटर ग्रूट यांच्या पुढाकारानं कमी कमी होत जाणाऱ्या डोसच्या पुड्यांची गुंडाळीच तयार मिळते, रोज एक पुडी फाडायची. आपल्याकडे ती यायची तेव्हा येईल. गोळी मोडायचं प्लास्टिकचं कटर आजही मिळतं.

मी स्वतः दुसऱ्या खेपेला १९ महिने घेतले, त्यातले ११ महिने एकट्या शेवटच्या पाच मिलिग्रॅमला. एक पायरी, मग तीन-चार आठवडे थांबायचं. करंट लागला तर मागच्या पायरीवर जायचं आणि तिथं बसायचं. घरच्यांना हे पटत नाही. माझ्या बायकोनं तर एकदा विचारलंच, "एवढुश्या तुकड्यानं काय होतंय?" एवढुश्या तुकड्यानंच सगळं होत होतं.

बाहेर याला 'व्यसन' म्हणतात, तेही आपण खोडून काढायला हवं. व्यसनात माणूस डोस वाढवत जातो, पदार्थाच्या मागे लागतो. इथं तसं काहीच नाही. शरीर औषधाला सरावलेलं असतं, एवढंच. एका आईला तिच्या पोराबद्दल शेजारणीनं 'गोळीला लागलाय' म्हटलं, आणि तिनं त्याच रात्री पाकीट चुलीत टाकलं. पुढचे पंधरा दिवस त्या पोराचं काय झालं, ते मी पाहिलं आहे.

आजार उलटला की गोळी सुटल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं? पहिली खूण वेळ: सोडल्यावर किंवा कमी केल्यावर चार-आठ दिवसांत सुरू झालं तर गोळीकडे बोट करा. दुसरी खूण शरीर: करंट, चक्कर, झिणझिण्या ही नैराश्याची मूळ लक्षणं नव्हेत. तिसरी म्हणजे आधीचा डोस दिल्यावर दोन-चार दिवसांत उतार पडतो का. खरा आजार सहसा इतक्या घाईनं ऐकत नाही. पण तो उलटतोही. ब्रिटनमधल्या ४७८ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: सगळे बरे वाटत असलेले, दीर्घकाळ गोळी घेणारे. गोळी चालू ठेवली त्यांतल्या ३९ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, थांबवली त्यांतल्या ५६ टक्क्यांचा. तिथं गोळी साधारण दोन महिन्यांत बंद केली होती, त्यामुळे त्या ५६ मध्ये नुसत्या सुटण्याचा त्रास किती मिसळला असेल, ही शंका मला आहे. तरीही ज्याला नैराश्याचे तीन-चार झटके येऊन गेलेत, ज्यानं कधी जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला, ज्याला उन्मादाचाही आजार आहे, त्यानं माझं हे भाषण ऐकून एकट्यानं काही करू नये. काहींनी गोळी चालूच ठेवावी, आणि त्यात लाज काहीच नाही. रात्री-अपरात्री मनात वाईट विचार आले तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्या दवाखान्याच्या दारावर लावा.

आपल्या तालुक्याचा आणखी एक प्रश्न आहे, तो लंडनच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी येते आणि निम्मं गाव ऊस तोडायला कोयता घेऊन निघतं. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत नाही. पिशवीत पीठ, मीठ, भांडी असतात, आणि महिन्याच्या गोळ्या. महिन्यानंतर? फडातून गोळी आणायला जायचं म्हणजे दिवसाचा खाडा. तिथं गोळी कुणी 'सोडत' नाही, ती संपते. आणि मग पहाटे तीनला मोळी उचलताना चक्कर येते, डोक्यात करंट मारतो, मुकादमाला वाटतं बाई नाटक करते. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे: ऊसतोडीच्या हंगामात डोस कमी करू नका. हंगामभर पुरेल इतक्या गोळ्या देता येण्यासारख्या असतील तर द्या, तुकडे मोजून द्या, आणि कमी करायचं ते अक्षय्य तृतीयेनंतर, माणूस गावात असताना.

माझ्याकडे एक बाई येते. शाळा पाहिलेली नाही. मी तिला तारखा आणि मिलिग्रॅम समजावत होतो, तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मला चांदावानी काढून द्या." मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि चौकोनांत पेननं चांद काढत गेलो. पूर्ण चांद म्हणजे पाचच्या दोन गोळ्या. पाऊण चांद म्हणजे दीड. अर्धा म्हणजे एक, पाव म्हणजे अर्धी, आणि कोर म्हणजे पाव तुकडा. अक्षय्य तृतीयेला सुरुवात केली. श्रावणात ती ते कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. मी काढलेल्या अर्ध्या चांदांच्या ओळीत मध्येच नऊ दिवस तिनं स्वतः कोळशानं पाऊण चांद काढले होते.

"हे काय?"

"सासरा गेला तवा. करंट मारायला लागला. मागं आले. मग परत गेले पुढं."

मी तिला मागं यायला सांगितलं होतं, पण ते तिनं कुणाला न विचारता आणि न घाबरता केलं, याचं मला अजून नवल वाटतं. दसऱ्यापर्यंत ती पाव चांदावर आली. गेल्या रविवारी तिची टोळी निघाली. हंगाम संपेपर्यंत पाव चांदच, रोज, एकही दिवस न चुकवता, असं ठरलं आहे. पाचच्या गोळ्यांचे अर्धे तुकडे मोजून, पुड्या बांधून, त्या तिनं पिठाच्या डब्यात वरती ठेवल्या. कॅलेंडर मात्र नेलं नाही, फडात भिजेल म्हणाली. ते माझ्या दवाखान्यात टेबलामागे टांगलं आहे. पुढचे चौकोन रिकामे आहेत, आणि कोर कधी काढायची ते ती आल्यावर आम्ही दोघं मिळून ठरवणार आहोत.