ॲपसुद्धा मडक्यासारखं वाजवून घ्या

काठीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आज क्लाउडबद्दल बोलू. क्लाउड म्हणजे ढग, पण हा ढग आभाळात नाही. मोबाईलमध्ये भरलेली माहिती इंटरनेटवरून दूरच्या मोठ्या संगणकांत जाऊन साठते, त्याला क्लाउड म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. सरकारच्या क्लाउडचं नाव मेघराज. गटाचा हिशोब ॲपमध्ये भरला, की तो अशाच कुठल्यातरी केंद्रात राहतो. फोन नदीत पडला तरी हिशोब बुडत नाही, हा मोठा फायदा.

शहरांत या कंपन्यांचे मेळावे भरतात. एकेक कंपनीवाला उठतो, पाच-दहा मिनिटं आपल्या मालाचं कौतुक सांगतो. मग चहापाणी, ओळखी, नंबर देणं-घेणं. उद्या आपल्या मेळाव्यातही कुणी ॲपवाला असाच उभा राहील. पाच मिनिटांत तो गोड तेवढंच सांगणार. भोंगऱ्या बाजारात आपण मडकं वाजवून घेतो ना? तसे त्याला चार प्रश्न विचारा.

पहिला : डोंगरात रेंज नसते, तेव्हा नोंद करता येईल का?

दुसरा : आज फुकट आहे, पुढच्या वर्षी किती पैसे लागतील?

तिसरा : आमची माहिती कोण पाहणार, कुणाला देणार? कुणाचा हप्ता थकलाय हे बाहेर गेलं, तर त्या बाईची अब्रू जाते आणि जास्त व्याजाचं कर्ज देणारा तिच्या दारात येतो.

चौथा : ॲप सोडलं तर आमचा हिशोब परत कसा मिळेल? तुमच्याकडचा पुसाल का?

हे विचारायला लाजू नका. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. माहिती देणं आपल्याला नवं नाही, आता विचारून द्यायची. वैयक्तिक माहितीसाठी २०२३ मध्ये कायदा झाला. संमती घ्यावी आणि दिलेली संमती मागे घेता यावी, असं त्यात लिहिलंय.

आणि वही बंद करू नका. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशोबाचंच आहे. दर बैठकीत ॲपमधला आकडा वहीशी जुळवा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. लिहिता न येणाऱ्या बाईलाही आपली बचत तोंडपाठ असते. चूक तीच आधी पकडते.

हे चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.